पाच वाव पाणी

"सव्वीस फूट?" आत्यानं विचारलं. "सोळा म्हणाले असतील रे. नीट ऐकलंस का तू?"

"आत्या, आकडे नीट ऐकण्यावरच माझं पोट चालतं," थोरला बुटांचे बंद सोडत म्हणाला. "सव्वीस. एवढं बूड त्या जहाजाचं पाण्याखाली असतं. उगाच का कंपनीनं तीन-तीन पत्रं पाठवून विचारलं, उंबरठ्यावर पाणी किती म्हणून?"

"आणि मी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं," खिडकीजवळच्या खुर्चीतून आत्याचा भाऊ, दादा, म्हणाला. "पाच वाव. म्हणजे तीस फूट. सव्वीस गेले, खाली चार उरले. चार फुटांत मी डोळे मिटून नेईन जहाज."

"तुम्ही नाही, बाबा. मी नेणार आहे," धाकटा म्हणाला.

"हो रे बाबा, तूच. मी आपला धक्क्यावर उभा राहून चुका काढीन."

सगळे हसले. तीन वर्षांनी थोरला घरी आला होता, तोही सकाळी त्याच जहाजाच्या होडीतून. तेव्हा घरात जरा हसू होतं. आत्या मात्र हसली नाही. तिनं कपबश्या उचलल्या आणि आत गेली. आत जाऊन त्या तशाच हातात धरून उभी राहिली, कारण ठेवताना बश्या वाजल्या असत्या तर धाकट्याच्या बायकोनं लगेच विचारलं असतं, काय झालं म्हणून.

काय झालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

ही वस्ती आमच्या हातांवर उभी राहिली, असं दादा येता-जाता म्हणायचा, आणि म्हातारा बढाईखोर असला तरी ह्या एका गोष्टीत खोटं बोलत नव्हता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक आडवा पट्टा आहे. सगळे त्याला उंबरठाच म्हणतात. कंपनीचं पहिलं जहाज बाहेर येऊन उभं राहिलं, तेव्हा हा उंबरठा कुठे खोल आणि कुठे उथळ ते एकाच माणसाला ठाऊक होतं, दादाच्या आणि आत्याच्या आजोबांना. ते होडी घेऊन गेले. साहेबानं खुणेनं विचारलं, पाणी किती? आजोबांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि पाच बोटं दाखवली. साहेब हुशार. त्यानं पितळी पट्टी आणवून आजोबांची वाव मोजली, ह्या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत. बरोबर सहा फूट भरली. तसं त्यानं कागदावर लिहून दिलं, खाली सही-शिक्का केला, आणि त्या दिवसापासून ह्या घरातला थोरला पुरुष बंदराचा वाटाड्या झाला.

मग काय विचारता! धक्का झाला, गोदामं झाली, मिठाची आणि लाकडाची जहाजं लागली, दवाखाना झाला, घड्याळाचा मनोरा झाला, साहेबांचा क्लब झाला. आत्याच्या लहानपणी बंदरात एका वेळी सात-सात जहाजं उभी असायची. संध्याकाळी त्यांचे दिवे लागले की ती आणि दादा धक्क्यावर पाय सोडून बसायचे आणि मोजायचे. पुढे दादा वाटाड्या झाला आणि ती बंदराची निशाणं शिवायला लागली. कुठलं जहाज आत घ्यायचं, कुठलं थांबवायचं, ते मनोऱ्यावरचं निशाण सांगायचं, आणि ते निशाण तिच्या सुईतून उतरलेलं असायचं. दादा तर तिला नावानं हाक मारायचाच नाही. सुई म्हणायचा.

दरवर्षी एक काम दोघांनी मिळून करायचं. पाणी मोजायची दोरी खाऱ्या पाण्यानं कुजते, म्हणून दरवर्षी नवी करावी लागे. दादा खोलीच्या मधोमध उभा राहून हात पसरायचा, एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत दोरी ताणायची, आत्या तिथे चिमटीत धरून खूण करायची, आणि मग आत नेऊन शिवायची. पहिल्या वावेला चामड्याची एक पट्टी, दुसऱ्या वावेला दोन, तिसऱ्या वावेला पांढरं कापड, चौथ्या वावेला गाठ आणि पाचव्या वावेला लाल चिंधी. दोरीला खाली शिसं बांधून पाण्यात सोडली की वाटाड्याला नुसत्या बोटांना कळायचं, पाणी किती ते. घराण्याची वाव, घराण्याची दोरी. कंपनीनंही कधी दुसरं माप मागितलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी होडी धक्क्यावर आदळली आणि मधे दादाचा उजवा खांदा सापडला. हाड जुळलं, पण हात पुन्हा पूर्वीसारखा उघडला नाही, आणि जहाजं आत आणायचं काम धाकट्याकडे गेलं. त्या वर्षी दोरी करताना तो उभा राहिला, हात पसरले, आणि छाती काढून म्हणाला, "बघ सुये, अजून पुरतो की नाही?"

"पुरतो की," आत्या म्हणाली.

आत जाऊन तिनं दोरी टेबलावर ठेवली. निशाणं शिवायचं तिचं टेबल लांबलचक, त्याच्या कडेला सहा फुटांवर पितळेचे दोन खिळे ठोकलेले. दोरीवरची खूण खिळ्यापासून चार बोटं अलीकडेच संपत होती. आता ती चार बोटं वाढवून शिवायला काय झालं होतं? काही नाही. टाकाच तर घालायचा होता. पण पुढच्या खोलीत दादा वहिनीला सांगत होता, "सुई म्हणाली, पुरतो." वहिनी तेव्हा होती. एवढ्या खुशीत तो त्या अपघातानंतर पहिल्यांदाच बोलत होता. आत्यानं जिथे खूण होती तिथेच टाका घातला. येणारी जहाजं लहान झाली होती. पंधरा-सोळा फुटांचं बूड त्यांचं. कुणाचं काय बिघडणार होतं?

पुढच्या वर्षी सहा बोटं कमी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. माणूस म्हातारा होत गेला तशी वाव आखडत गेली, आणि तिकडे पाण्याखाली वाळू चढत गेली. सगळीकडे गाळ भरत होता, दक्षिणेला रेल्वेचं नवं बंदर झालं होतं, साहेबलोक एकेक करत निघून गेले होते, मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. पण उंबरठ्यावर दरवर्षी बरोबर पाच वाव पाणी! लोक म्हणायचे, बंदरात काहीतरी सत्त्व आहे बुवा. आत्या मूग गिळून गप्प बसायची. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला आवडायचं. तिलासुद्धा पाच वाव पाणी हवंच होतं.

आता हे सव्वीस फूट आलं होतं.

तिनं कपबश्या ठेवल्या आणि टेबलाशी गेली. गळ्यात टेप नेहमीच असायचा. कालच केलेल्या दोरीचं शेवटलं टोक जास्तीचं म्हणून कापून ठेवलं होतं, त्याला एका वावेची खूण राहिली होती. तिनं मोजली. पाच फूट एक इंच. पाचांना गुणलं. पंचवीस फूट पाच इंच. पुन्हा गुणलं, कारण आकडा चुकावा अशी तिची फार इच्छा होती. चुकला नाही.

"आत्या, येऊ का?" धाकटी दारात उभी होती. धाकट्याची बायको. हात पुसत आत आली आणि हळूच दार लोटून घेतलं. "एक सांगू? कुणाला बोलणार नाही ना?"

"बोल."

"मला जायचंय इथून. ह्यांना नाही सांगू शकत मी, आज तर नाहीच. पण भाऊजींनी तिकडे नव्या बंदरात खोल्या बघून ठेवल्यात. शाळा आहे. आपली पोर सात वर्षांची झाली, तिला अजून शाळेचं दार माहीत नाही. इथे काय आहे, आत्या? चाळीस घरं आणि क्लबात शेळ्या."

"शेळ्या काय वाईट आहेत?" आत्या म्हणाली. "आम्हाला त्या क्लबाच्या पायरीवर उभं राहायची बंदी होती. आता शेळ्या नाचघरात लेंड्या टाकतात. मला तर बघून बरं वाटतं."

धाकटी हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "आज जहाज आत आलं की दहा वर्षं कंपनी हे ठाणं चालू ठेवणार म्हणे. म्हणजे आणखी दहा वर्षं मी इथे. देवा, मी काय बोलतेय! ह्यांचं भलं व्हावं असंही वाटतं हो मला. पहाटेच्या भरतीला पाणी मोजून आले ना, तर दारातच ओरडले, लाल चिंधी भिजली म्हणून. लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते."

"वेडी आहेस," आत्या म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय म्हणणार? तिला वाटलं, हिला सांगावं. मग वाटलं, हिला सांगितलं तर ही आनंदानं उडी मारेल आणि जन्मभर त्या आनंदाची टोचणी घेऊन फिरेल.

सांगायचं तर थोरल्याला. तो शहाणा. त्याला हे ठाणं बंदच व्हायला हवं होतं, तीन वर्षं पत्रांतून तेच तर लिहीत होता. त्यानं जहाजावर जाऊन काहीतरी कारण सांगितलं असतं. हवा ठीक नाही, वाटाड्या आजारी आहे, काहीही. दादाचं नाव मधे न येता जहाज परत गेलं असतं. आत्याला हा मार्ग सापडला तसा जरा जीवात जीव आला.

थोरला गच्चीवर होता. समोर उंबरठ्यापलीकडे ते काळं जहाज उभं होतं, धूर काढत. खाली रस्त्यानं लोक आत्तापासून धक्क्याकडे निघाले होते. ठेवणीतले कपडे बाहेर काढलेले, कुणाच्या कोटाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. भरती साडेपाचला होती आणि आता जेमतेम तीन वाजले होते.

"काय रे, नव्या बंदरात बरं चाललंय ना?" आत्यानं विचारलं.

"आत्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय?"

"तुला काय वाटतं? यावं जहाज आत?"

थोरल्यानं कठड्यावर कोपरं टेकली. मग म्हणाला, "सकाळपर्यंत वाटत होतं, येऊ नये. कसलं वैभव आणि कसलं काय? ते त्यांचं होतं, आपण हमाल आणि वाटाडे. मी हे बाबांना सांगणारही होतो, भाषण तयार होतं माझं. मग होडीतून येताना धक्क्यावर बाबा दिसले. कोट घालून उभे. किती बारीक झालेत गं! मला वाटलं, ह्या माणसाला एकदा हे मिळू दे. नंतर मी भाषण करीन."

"पण समजा, कारण काढून थांबवायचं म्हटलं तर..."

"आज नको. तू तर नकोच म्हणू," थोरला म्हणाला. "सगळं घर पहिल्यांदा एका बाजूला आहे. धाकट्याशी मी चार वर्षांनी धड बोललो आज."

हे खरं होतं. खालच्या खोलीतून धाकट्याचा आवाज येत होता, तो शीळ घालत होता. आत्याच्या ओठांवर आलेलं पुन्हा पोटात गेलं.

ती खाली आली आणि निघायची तयारी करायला लागली. साडी बदलली. केस विंचरले. आरशात बघता बघता तिला तो शिडं शिवणारा कारागीर आठवला. बत्तीस वर्षं झाली. त्याच्या जहाजाचं शीड फाटलं होतं आणि तो महिनाभर तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून शिवत होता. फार बोलायचा नाही. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, चल. ती म्हणाली, हे पाणी सोडून मी जगायची नाही. तो म्हणाला, पाणी सगळीकडे असतं. मूर्ख होता. की ती मूर्ख होती? एवढ्या वर्षांत तिनं ह्याचा निकाल लावला नव्हता. पण ज्या बंदरासाठी तिनं त्याला नाही म्हटलं, ते बंदर आज तिच्या तोंडून बुडावं, हे तिला सहन होत नव्हतं. वीस वेळा तिनं स्वतःला सांगितलं की समुद्राला उदार भरती येईल, सहा-सात इंच कुठे नडतात? आणि वीस वेळा तिला तो उंबरठा दिसला, त्यावर आपटणाऱ्या लाटा दिसल्या, आणि आडवं झालेलं जहाज दिसलं. सुकाणूशी तिचा भाचा होता.

धक्क्यावर सगळी वस्ती लोटली होती. बंदरमास्तर टोपी घालून मिरवत होते. कंपनीनं शेवटच्या साहेबाच्या जागी ह्यांना बसवलं होतं. टोपी साहेबाची, डोकं ह्यांचं, मधे दोन बोटं हवा. मान हलवली की टोपी मागाहून यायची.

"निशाणवाल्या बाई, या, या! पुढे या," ते म्हणाले. "आज तुमच्याच घराचा दिवस."

दादा कोट घालून अगदी कडेला उभा होता. धाकटा होडीत उतरायच्या तयारीत, खांद्यावर नव्या दोरीचं वेटोळं, त्यातून लाल चिंधी लोंबत होती.

"येतो, आत्या," धाकटा वाकून म्हणाला. "पाठीवर थाप दे एक. जोरात."

आत्यानं हात उचलला, आणि थाप न देता त्याच्या खांद्यावरची दोरीच धरली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"अगं, सोड. उशीर होतोय."

"ही दोरी खोटी आहे. पाणी तीस फूट नाही. साडेपंचवीससुद्धा नाही."

थोरला जवळच होता. "आत्या, काय बोलतेस तू?"

"वाव कमी भरते. पाच फूट एक इंच. मी मोजलीय." तिनं गळ्यातला टेप काढला. आता थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिला कळत होतं. ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, हात पसर."

दादानं तिच्याकडे बघितलं. तो रागावेल, ओरडेल, कानाखाली देईल, सगळ्याची तिची तयारी होती. पण तो रागावलेला दिसला नाही. "म्हणजे तू..." एवढं म्हणाला आणि थांबला. मग चारचौघांत, सगळ्या वस्तीसमोर, त्या म्हाताऱ्यानं हात पसरले. डावा सरळ गेला. उजवा कोपरापाशी वाकडाच राहिला आणि खांद्याच्या वर काही गेला नाही. आत्यानं टेपचं एक टोक त्याच्या बोटाशी धरलं, दुसरं थोरल्याच्या हातात दिलं.

"वाच मोठ्यानं," ती म्हणाली. "तू आकड्यांचा माणूस."

"पाच फूट... एक," थोरला म्हणाला.

"कधीपासून?" धाकट्यानं विचारलं. "आत्या, कधीपासून माहीत आहे तुला?"

"नऊ वर्षं."

"नऊ वर्षं!" त्यानं दोरी खांद्यावरून काढून खाली आपटली. "ह्या दोरीच्या भरवशावर मी जहाजं आणली. पोराबाळांची माणसं होती त्यांच्यावर. अगं, तू मला मांडीवर खेळवलंस आणि तूच..." धाकटी पुढे झाली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिली. आत्याकडे तिनं बघितलं नाही.

"अहो, सहा-सात इंचांचा तर प्रश्न," बंदरमास्तर घाईघाईनं म्हणाले. त्यांची टोपी कानावर आली होती. "जहाजवाल्यांना कोण सांगतंय? भरतीला थोडं वर-खाली होतंच. एकदा आत आलं की दहा वर्षं आपली..."

"मास्तर," दादा म्हणाला. हात त्यानं अजून खाली घेतले नव्हते, घ्यायचे राहूनच गेले होते बहुतेक. "वर-खाली लाटही होते. सहा इंच कमी असलं काय आणि सहा वाव कमी असलं काय, वाळू लागली की लागली."

"मग निशाण चढवून थांबवा त्यांना. तुम्ही कशाला जाताय?"

"निशाण बघून ते म्हणतील, बंदरानं नाही म्हटलं. पण ह्यात बंदराचा दोष नाही. मी चुकीचं सांगितलंय, तीन पत्रांतून. ते मीच जाऊन सांगायला पाहिजे." तो होडीशी गेला. पायऱ्या उतरताना तोल गेला तसा धाकट्यानं त्याला धरलं. रागानं लाल झालेला होता तो, पण धरलं. "तू वल्ही घे," दादा त्याला म्हणाला. "माझ्यानं ओढवत नाहीत. कधीचं तुला सांगायचं होतं, सांगितलं नाही."

होडी गेली. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. जहाजाच्या कठड्याशी कुणीतरी वाकून बोलत होतं तेवढं धक्क्यावरून दिसलं. मग जहाजानं भोंगा दिला, दोनदा. म्हाताऱ्या कोतवालानं जुन्या सवयीनं टोपी काढली. जहाज हळूहळू वळलं. भरती पुरी होती त्या वेळी, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं आणि इतकं छान चमकत होतं की त्याच्याखाली वाळू आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. लोक पांगले. कुणी आत्याला बोललं नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. बंदरमास्तर टोपी हातात घेऊन कचेरीकडे गेले. कुणीतरी म्हणालं, आता आवरायला घ्यायचं. एक बाई रडत होती.

थोरला तेवढा क्षणभर तिच्याजवळ थांबला. "मला गच्चीवर हेच सांगायला आली होतीस ना?"

"हो."

"आणि मी तुला बोलू दिलं नाही." त्यानं टेप गुंडाळून तिच्या हातात दिला. "सगळ्यांसाठी खोल्या पुरतील तिकडे. तुझं टेबलही मावेल, बघू," असं म्हणून तो घरी गेला.

होडी आली. धाकटा तिच्याकडे नजरही न टाकता निघून गेला. दादा मात्र पायऱ्या चढून वर आला आणि तिच्या शेजारी, धक्क्याच्या कडेला, पाय सोडून बसला. समोर सगळं बंदर रिकामं होतं.

"कप्तान भला माणूस होता," दादा म्हणाला. "हात मिळवला माझ्याशी. म्हणाला, फार कमी लोक येऊन सांगतात."

"दादा, मला माफ कर," आत्या म्हणाली. बोलताना तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. "सगळ्यांसमोर तुझे हात मोजले मी. पण धाकटा चालला होता रे. मला दुसरं काही सुचलं नाही."

"ते बरोबरच केलंस."

"तुला वाटत होतं, हात पुरतोय. एवढ्या खुशीनं विचारायचास तू. मला नाही म्हणवलंच नाही. मला वाटलं, हे कळलं तर तू खचशील."

दादा तिच्याकडे वळला. "खांदा माझा, सुये. आणि मला कळणार नाही होय, हात किती उघडतो ते?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे?"

"पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण मी उभा राहिलो तर तुझा चेहरा असा काही खुलला! खांदा मोडल्यापासून तू रोज कोपऱ्यात रडत होतीस, मला काय ठाऊक नव्हतं? मी म्हटलं, हिच्यासाठी हात पसरायचे. दिसायला तर दिसतात. खरं माप ही आत नेऊन टेबलावर घेतेच आहे. खिळे आहेत, टेप आहे. माझ्यापेक्षा चोख बाई आहे, चार बोटं कमी असली तर वाढवून शिवणारच." तो पाण्याकडे वळला. "दरवर्षी पाच वाव भरायचं, तेव्हा मला वाटायचं, बघा, सुईनं मोजलंय."

आत्यानं त्याचा हात धरला, तो उजवा, न उघडणारा.

"म्हणजे तू मला जपत होतीस आणि मी तुला," दादा म्हणाला. "नऊ वर्षं, सुये. नऊ वर्षं ह्या बंदराचं पाणी कुणी मोजलंच नाही."